यांना कोयनेल लागत नाही

चावडीपुढं घोंगडी अंथरली होती. गावच्या पोरांना एकेक करून तिच्यावर उताणं निजवत होते. पुण्याहून आलेले डॉक्टर गुडघ्यावर बसून डाव्या बरगडीखाली बोटं रुतवायचे आणि पानथरी वाढली आहे का बघायचे. हिवताप अंगात मुरला की पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. तोरण्याच्या पायथ्याला आमचं गाव. भातखाचरांत पाणी साचून राहायचं, डास व्हायचे. ताप न आलेलं पोर आमच्याकडं शोधून सापडलं नसतं. पाटलाच्या नातवाला बोटं लागली तशा गुदगुल्या झाल्या. तो हसला. डॉक्टरही हसले.

आम्ही महारवाड्यातली पोरं लांब उभी होतो. उन्हात. गावची पोरं संपली, तशी घोंगडी गुंडाळली. डॉक्टरांनी हात धुतले, पुसले आणि शिपायाची छडी मागून घेतली.

"झोपा खाली."

खाली म्हणजे खडीवर. आम्ही झोपलो. छडीचं टोक बरगडीखाली रुतवून ते आमची पानथरी बघत गेले. उभ्यानंच. माझं झालं. मग माझी धाकटी बहीण, भागी. तिचं पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे. पानथरी बेंबीपर्यंत आलेली. छडी रुतली तशी ती कळवळली आणि तिथंच तिला लघवी झाली. चावडीवरची माणसं हसली.

माझा बाप पुढं झाला. पहिल्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आला होता. डॉक्टरांसमोर तो हात जोडून वाकला नाही, ताठ उभा राहिला. म्हणाला, "सायेब, पलटणीत आमाला कोयनेल द्येत व्हते. रांगंत उभं करून. आमच्या पोरांस्नीबी द्या."

डॉक्टर त्याच्याकडं न बघता म्हणाले, "यांना कोयनेल लागत नाही. यांच्या रक्तातच ताप मुरलेला आहे. यांना तो पचतो."

हिवतापावरच्या त्या कडू कोयनेलच्या पुड्या गावात वाटल्या. आमच्याकडं एकही आली नाही. दिवाळीच्या आत भागी गेली. शेवटी तिला थंडी वाजायची तेव्हा आई तिच्या अंगावर पोतं टाकून वर स्वतः पडायची, तरी ती हलायची. पचला नाही तिला.

तिला पुरून आल्यावर बाप मला म्हणाला, "शीक. आन आपल्या रगतात काय मुरलंय ते तुज्या डोळ्यानं बघ."

मी शिकलो. भोरला शिकलो, मग पुण्याला बोर्डिंगात राहून बी.एस्सी. झालो. दुसरी लढाई पेटली होती तेव्हा एका प्रयोगशाळेत हिवतापाच्या कामावर मला मदतनीस म्हणून घेतलं. घेतलं, कारण या डोंगरात हिंडायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पाण्याचा माठ वेगळा होता. त्याबद्दल कुणी बोलत नसे, फक्त माझा पेला खिडकीत पालथा घातलेला असे.

पानशेतच्या वर आमच्याच लोकांच्या वाड्या होत्या, त्यांतून मी हिंडायचो. पोरांच्या बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, काच रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायचे. पहिल्याच पावसाळ्यानंतर मीच आडवा झालो. दात वाजत होते. सगळी वाडी माझ्याभोवती बसून होती आणि मी मरतो की काय म्हणून बघत होती. मला कळेना. मी याच मातीतला. लहानपणी हाच ताप अंगावर काढून शाळेत जायचो. आता त्याच तापानं मला आडवं केलं, आणि शेजारच्या घरातला दहा वर्षांचा पोरगा अंगात तेच जंतू घेऊन गुरं राखत होता.

बरा झाल्यावर त्या काचांकडं मी वेगळ्या डोळ्यानं बघायला लागलो. तान्ह्या पोरांचं रक्त जंतूंनी खच्चून भरलेलं, अंग भट्टीसारखं. चालायला लागलेल्यांचीही तीच गत. सात-आठ वर्षांपुढं जंतू असायचे, ताप मात्र कमी. मोठ्यांत जंतूही विरळ. म्हणजे ही ताकद आईच्या पोटातून आलेली नव्हती. दर साल ताप भोगून भोगून ती अंगात जमत होती. आणि मुलूख सोडून काही वर्षं लांब राहिलं की उतरत होती. माझी उतरली होती. जात तर तीच होती.

चंद्राबाई नावाची एक बाई होती त्या वाडीत. तिच्या पोराचं नाव दगडू. आमच्याकडं आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू ठेवतात, दगडू ठेवतात, भिकू ठेवतात, म्हणजे मरणाला तो नकोसा वाटावा. मी दगडूचं बोट धरलं तेव्हा तिनं माझा हात धरला.

"भाऊ, गेल्या साली नेलेल्या रगताचं झालं काय?"

मी म्हणालो, काम चाललंय.

"तंवर हे जगंल का?" तिनं विचारलं. आणि मग हात सोडला.

मी पुण्याला आलो तो हाच सवाल घेऊन. तेव्हा लढाईमुळं बाहेरून येणारं कोयनेल बंद पडलं होतं. जे होतं ते कुणाला द्यायचं हे ठरवायला मुंबईहून दोन अधिकारी आले. प्रयोगशाळेचे साहेब आपले मराठीच, विलायतेत शिकलेले. मी आणलेल्या काचा त्यांनी मांडल्या आणि इंग्रजीत समजावू लागले. डोंगरी वाड्यांतल्या या लोकांत उपजतच प्रतिकारशक्ती आहे. ताप यांना मानवतो. तेव्हा साठा खालच्या गावांना द्यावा, वाड्या वगळल्या तरी चालतील. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकानं विचारलं, असा कुणी बघायला मिळेल का?

साहेबांनी मला हाक मारली.

"इकडे ये. शर्ट वर कर. साहेबांना तुझी पानथरी बघू दे."

मी बी.एस्सी. होतो. त्या टेबलावरची प्रत्येक काच मी रंगवलेली होती. आणि मी टेबलावरची आणखी एक काच होतो. अधिकाऱ्यानं बाही सारली.

माझा हात शर्टाच्या बटणापर्यंत गेला. हे मी लपवत नाही. बोलावलं की पुढं व्हायचं, झोप म्हटलं की झोपायचं, हे अंगात इतकं भिनलेलं असतं. मग मी हात खाली घेतला.

"नाही," मी म्हणालो.

साहेबांना वाटलं, मला कळलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मी इंग्रजीत बोललो, पाहुण्यांना कळावं म्हणून. म्हणालो, माझं रक्त त्यांचंच आहे, पण काही वर्षं पुण्यात राहून गेलो तर मी त्याच तापानं मरायला टेकलो होतो. ही शक्ती उपजत असती तर मी पडलो नसतो. तुम्ही दहा वर्षांचं पोर बघता आणि म्हणता, याला ताप मानवतो. त्याच्या आधीची भावंडं कुठं आहेत ते विचारा. वाडीत जाऊन हाका मारा. धोंडू, दगडू, भिकू. किती पोरं वळून बघतात ते बघा.

साहेब मराठीवर आले. "ताप यांना पचतो हे काचांवर दिसतंय."

"ज्यांना पचला नाही, साहेब, त्यांच्या काचा करायला मी पोचायच्या आत ती पोरं पुरली होती."

अधिकाऱ्यानं बाही खाली केली आणि घड्याळ बघितलं. साहेब शांतपणे म्हणाले की माझी गरज संपली आहे. शर्ट वर केला असता तर मी बहुतेक त्यांच्या हाताखाली पुढं चढलो असतो. मी निघालो तेव्हा शिपायानं खिडकीतला माझा पेला आणून दिला. मी तो त्याच्या हातातच ठेवला.

साठा खालच्या गावांनाच गेला. त्यांचा निबंधही छापून आला. उपजत शक्ती, असाच शब्द त्यात होता. माझं नाव नव्हतं.

मी पानशेतवरून चढून वाडीत गेलो. चंद्राबाईला खरं ते सांगितलं. नेलेल्या रक्ताचं हे झालं. तुम्हांला औषध लागत नाही असं ठरलं.

तिनं दगडूला मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाली, "कुनी ठरवलं? त्याला दाव की आमाला."

ठरवणारे मुंबईचे, पण पुड्या वाटायच्या तालुक्याच्या कचेरीतून. आम्ही तिथं गेलो. चार वाड्यांच्या बाया, काखेत पोरं. कारकून म्हणाला, अर्ज ठेवा आणि जा. चंद्राबाई ओसरीवर चढली. आमच्यातलं कुणी तिथं आजवर चढलं नव्हतं. तिनं तापानं फणफणलेलं पोर फरशीवर निजवलं आणि शेजारी मांडी घालून बसली. मग बाकीच्या बसल्या. शिपाई उठवायला आला. पोरं थंडीनं उडत होती. शिपाई हात लावायला धजेना, विटाळामुळंही आणि पोरांच्या तापामुळंही.

कचेरीचे साहेब बाहेर आले. ओसरीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू कोण?"

"हिवतापाचा संशोधक," मी म्हणालो.

मला कुणी नेमलं नव्हतं. माझ्याकडं तेव्हा सूक्ष्मदर्शकही नव्हता. पण मी ते म्हणालो, आणि उभा राहून त्यांना सांगितलं की थोडंच कोयनेल असेल तर ते पाच वर्षांखालच्या पोरांना आधी द्या, कारण त्यांच्या अंगात अजून काहीच जमलेलं नाही. दिवस मावळायच्या आत पुड्या निघाल्या. पुरल्या नाहीत. दगडू वाचला. वरच्या वाडीतली एक मुलगी वाटेतच गेली. तिचं नाव ठेवायचंही राहिलं होतं.

त्यानंतर मी मास्तरकी धरली. एका कॉलेजातून जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. सुट्टी लागली की डोंगर चढतो, बोटं टोचतो, काचा रंगवतो. आता पोर दगावलं तरी मी ते लिहून घेतो. आई सांगते तेवढ्या सगळ्यांचं, नाव असलेल्यांचं आणि नसलेल्यांचंही. हे मेलेले हिशेबात धरल्याशिवाय जगलेल्यांच्या ताकदीचं एक वाक्यही मी लिहीत नाही.

माझा निबंध एका संपादकाकडं गेला होता. त्यानं परत पाठवला. काम चांगलं आहे म्हणाला, पण मृत्यूंचा भाग शास्त्रात बसत नाही, तो काढा. मी काढला नाही. दुसऱ्याकडं पाठवलाय. तोही काढा म्हणाला तर तिसऱ्याकडं पाठवीन. मरेपर्यंत पाठवीन. छापायचा तर मेलेल्या पोरांसकट छापावा लागेल, माझ्या नावासकट. आणि तोवर दर भादव्यात, ताप चढू लागला की, बाया पुड्यांसाठी कचेरीच्या ओसरीवर बसतील. उठा म्हटलं तरी उठणार नाहीत.