फुटकं कौल

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी ती बाई रोज सकाळी आधी फुटक्या कौलावर एक डोळा काढून बघायची. तो मनासारखा उतरला तरच मूर्तीला हात लावायची, नाहीतर ब्रश धुऊन घरी.

"आज हात चालत नाय."

"काय गो महाराणी, रोह्याच्या मंडळाची पोरं टेम्पो घेऊन दारात उभी हायत!" मालक ओरडायचा.

"मग तुमीच आखा."

आम्ही जुने कारागीर तिच्या पाठीमागे हसायचो. बाईची थेरं, म्हणायचो. आमचा हात रोजच चालायचा, कारण तो चालतो का, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याने कधी तपासलं नव्हतं.

एकदा ती अशीच निघून गेली. तिची जिरवायला रोह्याच्या मूर्तीचे डोळे मी आखले. मूर्ती तिरळी झाली. मंडळाची पोरं भांडायला आली तेव्हा मालकाने बाईचं नाव पुढे केलं आणि मी मान खाली घालून रंग ढवळत राहिलो. तिने कौल पिशवीत घातलं आणि दुसरा कारखाना धरला. तिथे ती म्हणेल त्याच दिवशी आखणी होते.

आमच्याकडचे अजून तिला तिरळीवाली म्हणतात. ते डोळे माझे होते. त्या दिवशी कौल माझ्या हाताशीच पडलं होतं. मी त्यावर एक रेघही ओढून बघितली नाही.