हिरव्या रकान्यातली माणसं

रुग्णालयात तिला सगळे आकडेताई म्हणत. नाव चिडवायला पडलं होतं, पण तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कॅज्युअल्टीच्या खिडकीवर केसपेपर काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तिला मागच्या खोलीत संगणकापुढे बसवलं. खोलीला खिडकी नव्हती. एक पंखा होता, तोही मनात येईल तेव्हा फिरायचा.

"तीच ती माणसं पुन्हा पुन्हा कॅज्युअल्टीत येतात," मोठे डॉक्टर म्हणाले. "अपघाताच्या पेशंटला खाट मिळत नाही. का येतात, तेवढं शोधा."

तिने जुन्या नोंदी चाळल्या. दम्याची म्हातारी माणसं सोमवारी लोटत. रविवारी औषधांची खिडकी बंद, आणि तोंडाने ओढायचा पंप हटकून तेव्हाच संपलेला. मग शनिवारी एका सिस्टरने घरोघरी पंप पोहोचवायचं ठरलं, आणि सोमवारची गर्दी खरंच ओसरली.

पण सिस्टर एकटी आणि घरं पुष्कळ. तेव्हा आकडेताईनेच नियम सुचवला. जो दोन महिने कॅज्युअल्टीत आला नाही, तो सुधारला. संगणकावरच्या यादीत त्याचा रकाना हिरवा करायचा आणि त्याची घरभेट दुसऱ्या कुणाला द्यायची.

पहिले हिरवे झाले ते रेडिओ दुरुस्त करणारे काका. खिडकीवरची जुनी ओळख. धाप लागली असतानाही म्हणायचे, "ताई, आज स्टेशन लागत नाही. खरखर फार." त्यांना फोन तिने स्वतः केला.

"काका, अभिनंदन. तुम्ही बरे झालात. आता सिस्टर यायच्या नाहीत."

"बरा झालो? मला कुणी बोललंच नाही," काका हसले. "असू दे. तुम्ही म्हणताय म्हणजे झालो."

वर्ष सरताना बरे झालेल्यांचा आकडा मांडायला बैठक ठरली. काकांना आणा, चार शब्द बोलू देत, असं मोठे डॉक्टर म्हणाले. काकांचा फोन लागेना, म्हणून आकडेताई जिने चढून त्यांच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं. शेजारीण ओले हात पुसत बाहेर आली.

"ते गेले हो. बरेच दिवस झाले."

"कॅज्युअल्टीत का नाही आणलं?"

"मी रिक्षा बोलावते म्हटलं की. नको म्हणाले. तिथल्या ताईंनी मला बरं केलंय, आता कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाले."

आकडेताई कठड्याला धरून खाली उतरली. जिना चढताना गुडघे दुखले होते. उतरताना तिला गुडघ्यांची आठवणही झाली नाही.

"तुम्ही तरी काय करणार होतात?" तिने सगळं सांगितल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले.

"नियम माझा होता, सर. न येणारा बरा झाला की गेला, हे त्यात कळतच नाही. हिरव्यातल्या सगळ्यांना फोन करते."

"बैठक उद्या आहे."

"मग उद्या आकडा कमी भरेल."

त्यांनी टेबलावरचे बैठकीचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "दार लावून घ्या. बाहेर गलका आहे, ऐकू यायचं नाही."

पहिला फोन वाजून वाजून थांबला. दुसरा उचलला एका मुलाने. त्याने "आई नाही आता," एवढंच सांगितलं. तिने तो रकाना पुसला आणि पुढचा नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर एका म्हातारीचा आवाज आला.

"कोण गं?"

"रुग्णालयातून बोलतेय, आजी. तब्येत विचारायला."

"आज आठवण झाली होय? मेले की काय, ते बघायला फोन केलास ना?"

"हो, आजी," आकडेताई म्हणाली.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, शिट्टी घालणारा.

"पंप संपलाय," म्हातारी म्हणाली.