न फोडलेलं पाकीट

त्या घटनेला काही वर्षं झाली, मी निवृत्तही झालो, पण ती आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तेव्हा राग आला आणि ओसरलाही. एका पाकिटाच्या चोरीचा राग मात्र गेला नाही, आणि त्यातला अर्धा माझ्या स्वतःवरचा आहे.

तेव्हा मी रायपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारी सकाळी हजेरी आटोपली आणि एक म्हातारे गृहस्थ कापडी पिशवी छातीशी धरून आत आले. रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रांची छाननी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, बौद्ध. आमचं गावही तिकडचंच, म्हणून मी त्यांना काका म्हटलं, खुर्ची दिली, चहा मागवला. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी केलेलं चांगलं काम तेवढंच.

काकांना टपाल तिकिटं जमवण्याचा नाद होता. हिमालयातल्या एका छोट्या देशातल्या डाक कारकुनाशी त्यांची निम्म्या आयुष्याची पत्रमैत्री. एकदा तिकडून आलेलं फाटकं पुडकं काकांनी सुईदोऱ्याने शिवून पुढे पाठवलं, त्याचे आभार मानणारं त्या कारकुनाचं पत्र आलं आणि तिथून सुरुवात झाली. दोघं कधी भेटले नाहीत. त्या देशाने आपल्या वारशावर नवी स्मारक तिकिटं काढली: डोंगरातला मठ, मुखवट्यांचा नाच, हातमागाचं कापड आणि ध्यानस्थ बुद्ध. मित्राने चारही तिकिटं एका पाकिटावर लावली, पहिल्याच दिवशी आपल्या डोंगरी डाकघराचा शिक्का मारला आणि काकांना पाठवली.

अशी पाकिटं जमवणारे लोक ती फोडत नाहीत. फोडलं की बिघडलं, असा त्यांचा दंडक. आत कडकपणासाठी कोरा पुठ्ठा असतो आणि पत्र वेगळं येतं. काकांनी पाकीट बंदच ठेवलं. वर चिकटवलेली पत्त्याची पट्टी तेवढी सोडवून डायरीत ठेवली आणि पाकीट नवा रायपुरातल्या एका प्रदर्शनात मांडायला दिलं.

प्रदर्शन चालू असतानाच मित्राच्या मुलीचा निरोप आला. वडील गेले. पाकीट पाठवलं तेव्हा आपलं दुखणं त्यांना ठाऊक होतं, घरच्यांना नव्हतं. या वेळी त्यांनी पाकिटाच्या आतच काकांसाठी चिठ्ठी ठेवली होती, हे त्यांनी शेवटच्या दिवशी सांगितलं. बाबांनी काय लिहिलंय ते मला कळवाल का, असं तिने विचारलं होतं.

काका ताबडतोब प्रदर्शनात गेले. चौकटी सीलबंद आहेत, समारोपाआधी काही निघणार नाही, असं उत्तर मिळालं. जन्मभर नियमाने चाललेला माणूस, परत आला. समारोपाला पाकीट हातात पडलं, घरी येऊन फोडलं, तर आत कोरा पुठ्ठा. निरखून पाहिलं तेव्हा कळलं, पाकीटच दुसरं आहे. तिकिटं तीच होती, पण शिक्का त्या देशाच्या राजधानीचा आणि तोही थेट बुद्धाच्या चेहऱ्यावर.

"माया दोस्त बुद्धाच्या तोंडावर शिक्का मारणारच नाही, साहेब," काका म्हणाले. "मले तिकिटं नाही पाहिजे. आतली चिठ्ठी पाहिजे."

मी पावती पाहिली. तिच्यावर 'प्रथम दिवस पाकीट, एक' एवढंच लिहिलेलं. मनात म्हटलं, वय झालंय, गफलत झाली असेल. शिक्का कुठे पडला यावरून कोणी चोरीची फिर्याद देतं का? मी एफआयआर नोंदवला नाही, साधा अर्ज ठेवून घेतला. चौकटींच्या किल्ल्या प्रदर्शनाच्या परीक्षकांकडे होत्या. हे परीक्षक मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शहरात मान असलेले साहेब. एखादा हमाल असता तर तासाभरात ठाण्यात उभा केला असता. साहेबांना मी फोन केला. तसदीबद्दल माफी मागितली, पाकीट बदलल्याची तक्रार आहे म्हणालो, आत एक चिठ्ठी होती असं म्हातारबुवांचं म्हणणं आहे, हेही सांगितलं. साहेब मोकळेपणाने हसले. मीही हसलो.

शुक्रवारी अर्ज निकाली काढायचा म्हणून एका महिला शिपायाला काकांचा जबाब घ्यायला पाठवलं. पोरगी मराठी घरातलीच, पण बोलायची हिंदी. ती जबाबाबरोबर काकांचे तीन अल्बम आणि ती डायरी घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, एक बार देख लीजिए. काका झूठ नहीं बोल रहे."

मी पानं उलटत गेलो. त्या मित्राने पाठवलेली कितीतरी वर्षांची पाकिटं. तिकिटावर पक्षी किंवा फूल असलं की शिक्का मधोमध. बुद्ध असला की शिक्का कोपऱ्याला जेमतेम टेकलेला, चेहरा स्वच्छ. एकाही पाकिटावर चूक नव्हती. पोलिसाला याहून सरळ पुरावा काय पाहिजे? सोमवारी हेच अल्बम काकांच्या पिशवीत होते आणि मी पिशवी उघडायलासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी एफआयआर नोंदवला, दोन पंच घेतले आणि साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी अल्बम स्वतःच कौतुकाने काढून दिले. त्या देशाच्या शेवटच्या पानावर डोंगरी डाकघराचा शिक्का असलेलं पाकीट होतं. बुद्धाचा चेहरा कोरा. कुठून आणलं विचारल्यावर म्हणाले, एका परिचिताने तिकडून आणलं. मी काकांच्या डायरीतली पत्त्याची पट्टी काढली. ती सोडवताना पाकिटाचा थोडा पापुद्रा निघाला होता. पट्टी त्या खरवडलेल्या जागी ठेवली, कड कडेला बरोबर बसली. पंचांनी सह्या केल्या. राजधानीची पाकिटं सगळ्यांकडे असतात, डोंगरातलं कोणाकडेच नाही, म्हणून या सद्गृहस्थांनी आपलं तिथे ठेवून काकांचं उचललं होतं.

ठाण्यात आणल्यावर तासभर ते एकच सांगत राहिले, आत चिठ्ठी नव्हती. तेव्हा ती शिपाई पोरगी शांतपणे म्हणाली, "चिट्ठी नहीं थी, तो लिफाफा भाप से खोला क्यों?"

पाकिटाची मागची बाजू खरंच वाफेने फुगली होती. ते मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळून, माझीच चूक असल्यासारखं म्हणाले, "अंदर बस एक चिट्ठी ही तो थी. मुझे पता भी नहीं था. आपका फोन आया तब खोलकर देखा. सबूत बन जाती, इसलिए जला दी."

संध्याकाळपर्यंत वकील आले, जामीन झाला, साहेब आपल्या गाडीतून घरी गेले. जाताना मला म्हणाले, पाकिटाला हात लावताना जपा, नाजूक आहे. त्या माणसाच्या कानाखाली वाजवण्यापासून मी स्वतःला कसं आवरलं ते मलाच ठाऊक.

काका दुसऱ्या दिवशी आले. पाकीट मिळाल्याचं सांगितलं, त्यांनी मान हलवली. चिठ्ठी जाळली हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "आत चिठ्ठी हाय, हे त्याले कोणं सांगतलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मी सांगितलं, काका," मी म्हणालो. "फोनवर. मीच."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून मित्राच्या मुलीचं पत्र काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आता त्या पोरीले काय लिहून पाठवू? तुमीच सांगा, साहेब."



या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आपण ज्याला साहेब म्हणून फोन करतो आणि ज्याला म्हातारबुवा म्हणून घरी पाठवतो, तिथेच अर्धा तपास बिघडलेला असतो. पुढे खटला चालला, पाकीट मुद्देमाल म्हणून जमा राहिलं, निकालानंतर काकांना परत मिळालं. माझ्या सेवापुस्तकात या तपासाबद्दल शाबासकीची नोंद झाली. ती मी खोडायला लावायला हवी होती. मुलीला काय कळवलं, हे काकांनी मला कधी सांगितलं नाही, आणि विचारायला माझं तोंड नव्हतं.