कातळावरची वीतभर माती

कॉलेजात मुलं त्यांना 'मातीबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. बाईंना त्याचं काही नव्हतं. पहिल्याच तासाला त्या एक ढेकूळ टेबलावर आपटत.

"यात काय आहे?"

"माती," कुणीतरी म्हणे.

"डोंबल! निम्मा दगडाचा चुरा, उरलेल्यात हवा आणि पाणी. आणि चिमूटभर मेलेलं, कुजलेलं. त्या चिमटीवर तुम्ही जेवता."

त्यांच्या स्वतःच्या घरामागे मात्र उघडा कातळ होता. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यावर दगडफुलाखेरीज काही तग धरत नव्हतं. ऊन, पाणी आणि ते दगडफूल मिळून खडकाची माती करतात, पण शतकानुशतकं घेतात. बाईंना तेवढी सवड कुठली! त्यांनी खडीच्या कारखान्यातली भुकटी पसरली, वर ओढ्याचा गाळ, पाला, भाजीची देठं, सुताराकडचा भुसा.

"उकिरडा मांडलाय सूनबाईंनी," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नवरा गेला त्या वर्षीही पाला घालायचा चुकला नाही. मग कधीतरी गांडुळं आली, आपणहून. सगळी उमर घातली तेव्हा वीतभर माती झाली. काळी, भुसभुशीत, मुठीत दाबली की गोळा धरायची, बोट लावलं की सुटायची.

गुडघ्याच्या ऑपरेशनला बाई इस्पितळात गेल्या. परतल्या तर मुलगा दारातच उभा, नुसता फुललेला.

"आई, आधी मागे चल. गंमत दाखवतो."

मागे पिवळट मातीचा सपाट, नीटनेटका थर.

"दोन ट्रक, नवीकोरी! ते किडकं सगळं काढून टाकलं. तुझी जखम ओली, त्यात ती गांडुळं!"

बाई काठीवर रेलल्या. "कुठली ही?"

"इमारतीच्या पायाची. पार खोल खणलेली, कुणाचा पायसुद्धा लागलेला नाही."

"मूळही लागलेलं नाही. आणि माझी?"

"ती रस्त्याच्या भरावात गेली. वर रोलरही फिरला. त्यांनी फुकटात उचलली, बघ!"

शिव्या द्यायच्या तर समोरचा माणूस निदान वाईट तरी हवा. हा तर कौतुकाची वाट बघत होता.

"खत घालू या ना, आई," सून हळूच म्हणाली. "होईल हीसुद्धा चांगली."

"होईल की. पंधरा-वीस वर्षांत."

"मग झालं तर!" मुलगा म्हणाला.

सुनेने मान खाली घातली. बाईंनी वाकून चिमूटभर माती उचलली, चोळली, हात झटकले.

"फरशी घाल यावर."

"खरंच? मग गाडीच आत घेता येईल!" त्याने तिथल्या तिथे फरशीवाल्याला फोन लावला. मधेच हाताने फोन झाकून त्याने विचारलं, "रंग कुठला, आई?"

"कुठलाही," बाई घरात वळता वळता म्हणाल्या. "घाण दिसणार नाही असा."