फादरांच्या लग्नाला मावशींची हरकत

चर्चच्या मागच्या घरात मावशी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. दर सहा वर्षांनी फादरांची बदली व्हायची, मावशींची कधीच झाली नाही. पहिल्या फादरांना कांद्याचा वासही सहन व्हायचा नाही, दुसऱ्यांना तेल दिसलं की धाप लागायची, तिसरे ताट पुढे आलं की पुस्तक उघडायचे आणि चौथ्यांना सगळं उकळतं लागायचं. सगळ्यांना मावशींनी वळणावर आणलं. "चार संसार केले, लग्न एकही नाही," असं त्या म्हणायच्या आणि लगेच छातीवर क्रूसाची खूण करायच्या.

आताचे पाचवे फादर साठीचे. चार वर्षं जे पुढ्यात येईल ते मुकाट जेवत होते. मावशींना वाटायचं, देवानं शेवटी आपलं ऐकलं.

अशात बिशपांचं पत्र आलं. धर्मगुरूंना लग्नाची परवानगी असावी का, यावर लोकांनी आपलं मत कागदावर लिहून चर्चमधल्या पेटीत टाकावं. हे पत्र फादरांनी तीन रविवार मिस्सेच्या प्रार्थनेनंतर वाचावं, अशी सूचना होती.

घोळ इथेच झाला. त्या चर्चमध्ये तीन रविवार वाचायची गोष्ट एकच, ठरलेलं लग्न. कोणाची हरकत असेल तर फादरांना येऊन सांगायची, तिसऱ्या रविवारपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही की लग्न पक्कं. आता खुद्द फादर लग्नाबद्दल तीन रविवार वाचतायत म्हटल्यावर लोकांनी सोयीचं तेवढं ऐकलं. हरकत कोणीच घेतली नाही. सोमवारी सकाळी फादरांचं लग्न पक्कं झालेलं होतं, नवरी तेवढी ठरायची होती.

दहा वाजता शिंपीणबाई टेप घेऊन आल्या. मागे त्यांची त्रेचाळीस वर्षांची बहीण.

"फादरांच्या लग्नाआधी पडद्यांचं माप घेते," म्हणत त्या खुर्चीवर चढल्याही. "मावशी, हिला थोडं दाखवा, काय कुठे ठेवता ते."

बहिणीनं डब्यांची झाकणं उघडून बघितली. "डाळी वर कशाला ठेवल्यात? मी खाली ठेवीन."

मावशी तडक चर्चच्या घंटेवाल्याकडे गेल्या. "माझी हरकत आहे. कुठे सांगायची?"

"तीन रविवार होते की. तेव्हा कुठे होता?"

"गॅसवर सूप होतं. मी मिस्सा संपल्या संपल्या घरी पळते, माहीत नाही का तुला?"

"मग आता सूपच प्या."

मावशींनी पदर खोचला आणि फादरांच्या ऑफिसचं दार ठोठावलं. दाराला आतून कडी होती, कारण सकाळपासून लग्नाच्या मुलींच्या तीन आया येऊन गेल्या होत्या.

"कोण आहे?"

"हरकत घ्यायचीय."

फादरांनी सवयीनं रजिस्टर उघडलं. "कोणाच्या लग्नाला?"

"तुमच्या."

"माझं लग्न कोणाशी आहे?"

"ते मला काय विचारता? मला फक्त हरकत आहे."

"कारण?"

"बायको आली की ओट्याशी ती उभी राहणार. मग मी कुठे जायचं?"

फादरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, लग्न नाहीये. पत्रात नुसतं मत विचारलंय."

"मग तुमचं काय मत?"

अख्ख्या गावात हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. फादरांनी रजिस्टर मिटलं. "पंचविशीत विचारलं असतंत तर सांगता आलं असतं. आता एवढंच कळतं, की चार वर्षं मी भिंतीकडे बघून जेवतोय."

त्या दुपारी मावशींनी दोन ताटं मांडली. अठ्ठावीस वर्षांत त्या पहिल्यांदा टेबलाशी जेवायला बसल्या. फादरांनी दुसरा चमचा घेतला आणि म्हणाले, "सूप खारट आहे."

"आज?"

"रोज."

"मग चार वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"सांगणार कोणाला? तुम्ही वाढून आत जायचात."

मग बटाटे किती शिजवावेत यावरून जे जुंपलं, ते चहापर्यंत चाललं.

पुढच्या रविवारी फादरांनी वेदीवरून स्पष्ट सांगितलं, माझं लग्न नाही. लोकांना वाटलं, मोडलं. दिवसभर माणसं तोंडं पाडून भेटायला येत होती.

मावशींनी पेटीत टाकायला एक कागद घेतला. लिहायचं होतं 'नाही'. दोनदा पेन टेकवलं, पण ती भिंत काही डोळ्यांपुढून हलेना. देवाला साक्षी ठेवून खोटं लिहायचं कसं? शेवटी लिहिलं, 'ज्यांना हवं त्यांना करू द्यावं. माणसाला समोर बसून बोलणारं कोणीतरी पाहिजे.' ओट्याची आठवण आली तसं खाली आणखी लिहिलं, 'आमच्या फादरांना मात्र इतक्यात विचारू नये. बटाट्यांचं अजून मिटलेलं नाही.'