पेट्रोलचा पंप आणि अक्काचं लिंबू

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. जळगावला मी एक जुनी मोटार घेतली होती, आणि यंत्रातलं मला कळतं असा एक समज आमच्या घरात होता. तो बाळगणारा मी एकटाच.

पारोळ्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, मुक्काम होता. सकाळी तिच्या मुलीला धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगच्या मुलाखतीला न्यायचं होतं. दाजींनी, म्हणजे पोरीच्या बापाने, नाइलाजाने हो म्हटलं होतं. आजची मुलाखत हुकली की अमळनेरचं स्थळ तयारच होतं.

भाची नवं पातळ नेसून मागे बसली. मी किल्ली फिरवली. एरवी लगेच बॉनेटखालचा विजेचा पंप टिकटिक करत पेट्रोल ओढायला लागायचा. आज गप्प. हँडल मारमारून दम मलाच लागला.

बॉनेट उघडलं तर पंपावर लिंबू-मिरची! पोरीच्या शुभकामाला अक्काने काल संध्याकाळी बांधलेली. पंपाचा एक स्क्रू तिला आयत्या खुंटीसारखा सापडला होता. मी भक्तिभावाने लिंबाला बगल देऊन कामाला लागलो. हॉर्न वाजला, म्हणजे बॅटरी ठीक. टाकीत काडी घातली, पेट्रोल होतं. पंपाकडे येणारी वायर सोडून पत्र्याला घासली, ठिणगी उडाली. ती परत जोडून पान्याच्या दांड्याने पंपाला टपल्या मारल्या. ढिम्म.

"दुखनं कोठे शे ते सांग ना, शालकबुवा," दाजी ओट्यावरून म्हणाले. "नाडी ते सारी पाही लिधी."

"करंट येतोय, दाजी. पण त्याला परत जायची जी वायर..."

मी थांबलो. ती वायर लिंबाच्याच स्क्रूवर होती. अक्काने नट काढून, वायरखाली तेलकट दोरा गुंडाळून, नट नुसता हाताने बसवला होता.

"हात लावू नको रे भाऊ!" अक्का ओरडली. "आज लिंबू काढतात का कुणी?"

"मामा, उशीर होतोय," मागून भाची.

मी पाना धरून उभा. अक्कापुढे माझी हिंमत आजही होत नाही.

दाजी ओट्यावरून उतरले. वाटलं, आता पोरीला म्हणतील, चल घरात. त्यांनी सरळ नट फिरवला, दोरा ओढला आणि लिंबू अक्काच्या हातात दिलं. "पोर जाई राहिनी, जाऊ दे तिले."

मी वायरचं टोक घासून घट्ट आवळलं. किल्ली. टिक, टिक, टिक... कार्बोरेटर भरला, पंप शांत झाला, आणि पहिल्याच हँडलला इंजिनाने धरलं. जीव असा भांड्यात पडला की मी अक्काला वाकून नमस्कारच केला.

वळून बघतो तर दाजी पुढच्या सीटवर.

"तुम्ही कुठे?"

"तुना काय भरोसा!"

धुळ्याला पोहोचलो तेव्हा मुली अजून व्हरांड्यात ताटकळत होत्या. थोड्या वेळाने भाचीला आत बोलावलं. दाजी कडुनिंबाखाली उभे राहिले. मग दारावरच्या शिपायाकडे गेले आणि हळूच विचारलं, "भाऊ, आठे ट्रेनिंगन्या पोरीस्ले राहाले खोल्या शेतस ना?"