नक्कल माझी, नाव पैलवानाचं

"ऊठ रं हलगीवाल्या! चितपट झालेला गडी घरी बायकोपुढं कसा जातो, दाव लोकास्नी!"

भोंग्यातनं आवाज आला आन् सगळा आखाडा माझ्याकडं वळला. शिरूरच्या अंगाला आमचं गाव, जत्रेच्या कुस्त्या. बोलणारा पाटलाचा धाकला. आम्ही मांगवाड्यातले हलगीवाले मातीच्या भाईर बसलेलो. तांबड्या मातीत आमचा पाय पडायचा न्हाई. हलगीबिगर कुस्तीला रंग मात्र चढायचा न्हाई.

मी उठलो. पाडलेली मान, झाडायची विसरलेली माती, दारातच अडलेलं पाऊल. सगळं करून दावलं. माणसं पोट धरून हसली.

ती नक्कल माझी व्हती. दोन कुस्त्यांच्या मधी जाळावर हलगी शेकता शेकता मी ती करायचो. लोक म्हणायचे, "वात्रट हाय मांगाचं पोरगं." बस, एवढंच.

धाकला आधी नावाजलेला पैलवान. दौंडच्या मैदानात त्याचा गुडघा गेला. कुस्ती सुटली, पण लोकांपुढनं हटायची सवय न्हवती. पंचांनी त्याच्या हातात भोंगा दिला. त्यानं माझीच नक्कल, माझंच बोलणं उचललं. मी जिथं थांबायचो तिथंच थांबायचा. लोकांनी त्याला फेटा बांधला. मी जळलो. अंगापिंडानं तगडा, जमीनजुमला, पाटलाचं नाव, सगळं त्याच्याकडं. माझ्याकडं लोकांचं हसू तेवढं व्हतं. तेबी त्यानं नेलं.

त्या दिवशी हसू थांबल्यावर तो भोंग्यात म्हणला, "बरं करतो की न्हाई? म्याच शिकवलंय त्येला."

शेवटची कुस्ती लागली. पैलवानांनी हात मिळवले. मी हलगी पालथी घातली. माझं बघून बाकीच्यांचे हात थांबले.

शेजारी माझा बाप. हळूच म्हणला, "वाजव बाबा. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

"आबा, आज हात उठायचा न्हाई."

भोंगा बोलला, "का रं, हात मोडला?"

मी उभा ऱ्हाऊन वरडलो, "हात धड हाय! नक्कल कुणाची ते भोंग्यात सांगा, मग वाजवतो!"

धाकल्यानं भोंगा खाली ठेवला आन् पैलवानास्नी हातानंच खूण केली. कुस्ती मुकीच झाली. माणसं मधनंच उठून गेली.

त्या साली आमचं बलुतं बंद झालं. खळ्यावर कुणी उभं करीना. मी दौंडला आलो, रेल्वेचा कोळसा उपसला. धाकला तमाशात सोंगाड्या झाला. मग फड रंगायच्या आधी लोकांशी बोलणाराबी तोच. यवतपतूर त्याचं नाव झालं. कोळशावरचे गडी मलाच ती नक्कल त्याची म्हणून करून दावायचे. मी म्हणायचो, "ती माझी हाय." त्यावर आनखी हसायचे.

आता तो गेला. गाव त्याचा मोठा फोटो लावणार हाय, सभा ठेवलीय. माझी पोरं मला म्हणतात, "आबा, मेलेल्या माणसावर काय जळता? सोडा आता."

जळतो. अजून जळतो. त्याला सोडायला ते त्याचं कवा व्हतं?

मला बोलवणं न्हाई. मी जाणार. फोटोपुढं उभा ऱ्हाऊन नक्कल करणार आन् आधी सांगणार, ही माझी. ज्याला ऐकवत नसंल त्यानं उठून जावं. मी बोलल्याबिगर बसणार न्हाई.